हातभट्टी आणि क्राफ्ट : एका ग्लासातला इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या, हे मला ठाऊक आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस बिअरवर काय बोलणार? पण तुम्ही वर्षानुवर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘घट’ ऐकत आलात. न्यायवाले, वेदान्ती, सगळे मातीच्या घड्यावर बोलतात. मी फक्त घड्याच्या आत काय आहे ते बघायचं म्हणतो. आणि सुरुवातीलाच सांगतो, हे व्याख्यान प्या असं सांगणारं नाही आणि पिऊ नका असंही सांगणारं नाही. एका ग्लासात किती इतिहास मावतो आणि त्यातला किती आपण सांगत नाही, एवढाच आजचा मुद्दा आहे.

आपण ग्लास घेऊ तो पुण्यातला. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे बिअर तयार होते तिथेच ती, थोड्या प्रमाणात, ताजी विकली जाते. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा ठिकाणांपैकी हे एक. आज पुण्यात अशी बरीच ठिकाणं आहेत आणि पुण्याला क्राफ्ट बिअरचं शहर म्हणतात. पेन्शनरांचं शहर, सायकलींचं शहर, त्यात ही आणखी एक पदवी.

तिथे मिळणारा एक प्रकार म्हणजे हेफेवाइत्सेन, म्हणजे गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर. मी ती चाखली आहे, त्यामुळे चवीबद्दल स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. रंग गढूळ पिवळा, उसाच्या रसाची आठवण करून देणारा. वर जाड पांढरा फेस. ग्लास नाकाजवळ नेला की पहिल्यांदा पिकलेल्या केळ्याचा वास येतो, मग लवंगेचा. कडूपणा फार कमी. माणूस पटकन विचारतो, यात केळं घातलंय का? लवंग घातलीय का? दोन्ही नाही. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. साखरेचं मद्यार्क करता करता ते जी इतर रसायनं सोडतं, त्यातलं एक केळ्यात असतं आणि एक लवंगेच्या वासाच्या जवळचं असतं. जिभेला वाटतं तो पदार्थ ग्लासात असतोच असं नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा धडा शिकवायला याहून सोपं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नाही.

आता पहिला प्रश्न. या बिअरला आपण ‘स्थानिक’ म्हणतो. कशावरून? आपल्या परंपरेत कारणांचे प्रकार सांगितलेत. घड्याचं उपादान कारण माती आणि निमित्त कारण कुंभार. मग बिअरचं उपादान काय? चार गोष्टी. पाणी, धान्याचं माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून भाजलेलं. आपण नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा सुरुवात अशीच असते. पाणी पुण्याचं, हे खरं. पण जव आपल्याकडे मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा अशा उत्तरेकडच्या राज्यांत पिकतो. हॉप्स ही थंड मुलखातली वेल, तिची फुलं कडूपणासाठी घालतात. आपल्या क्राफ्ट बिअरमधले हॉप्स बहुधा जर्मनीतून नाहीतर अमेरिकेतून आलेले असतात. आणि यीस्टचं घराणं बव्हेरियातलं. म्हणजे उपादानाच्या हिशेबाने ही बिअर पुण्याची कमी आणि बाहेरची जास्त.

आणि कृती? तीही बव्हेरियाची. तिथे १५१६ मध्ये कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं नावच नाही, कारण तो काय प्रकार आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पण माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातं. या कायद्यात गहू बसत नाही! मग गव्हाची बिअर टिकली कशी? तर ती करण्याचा हक्क आधी एका सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ पासून तो राज्यकर्त्यांनी स्वतःकडे घेतला. प्रजेने गव्हाची बिअर केली तर गुन्हा, दरबाराने केली तर महसूल. पुढे मागणी घटली आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरने तो हक्क मिळवला, म्हणून ही बिअर आज जगभर दिसते. पदार्थ तोच, कृती तीच. तो कायदेशीर की बेकायदेशीर, हे तो करणारा हात कुणाचा यावर ठरलं. हे सूत्र लक्षात ठेवा, ते आपल्याला महाराष्ट्रात परत भेटणार आहे.

मग या ग्लासात स्थानिक काय उरलं? नाव. ‘डूलाली’ म्हणजे आपलं देवळाली, नाशिकजवळचं. इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं असं म्हणायचं असेल तर आजही ‘डूलाली’ म्हणतात. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, तर आपला ताप. म्हणजे देवळालीचा ताप. इंग्रजांना हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला नाही. आपण रोजच म्हणतो, डोक्याला ताप झालाय.

हा ताप काय होता? देवळालीला ब्रिटिश लष्कराची मोठी छावणी होती. १८६५ मध्ये कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदरात उतरलेली पलटण थेट देवळालीला नेता येऊ लागली. जाताना उलटं, देशभरातून परतणारे सैनिक देवळालीला गोळा व्हायचे आणि मुंबईला बोटीत चढायचे. १८६६ पासून यासाठी खास सरकारी बोटी होत्या, त्यातल्या एकीचं नाव ‘मलबार’, एकीचं ‘जमना’. पण या बोटी बारा महिने चालत नसत. साधारण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंतच त्यांचा हंगाम. ज्या शिपायाची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याने करायचं काय? वाट बघायची. काम नाही, हत्यार नाही, घर समोर दिसतंय आणि बोट नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात होता. त्याने १९३६ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यात तो देवळालीबद्दल लिहितो. वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेली माणसं त्या रिकामपणात बिघडायची, काही तुरुंगात जायची, काही गुप्तरोगाने इस्पितळात. आणि हा शब्दप्रयोग त्या कंटाळ्यातून आला असावा, असं त्याचं मत आहे. ‘असावा’ हा शब्द त्याचा आहे बरं का. नंतर गोष्ट सांगणाऱ्यांनी तो काढून टाकला. इतिहासात असंच होतं. मूळ साक्षीदार ‘मला वाटतं’ म्हणतो आणि दहावा सांगणारा ‘असंच झालं’ म्हणतो.

तर शिपायाचं दुःख इंग्रजी भाषेत जाऊन विनोद झालं. बीबीसीने १९७४ मध्ये देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिका सुरू केली, ती कित्येक वर्षं चालली. आणि २००९ मध्ये तो शब्द पुण्याला बिअरचं नाव म्हणून परत आला. देवळालीतून निघालेला शब्द जगाची चक्कर मारून दोनशे किलोमीटरवर उतरला. मला हे नाव आवडतं. चतुर आहे. पण नावात कुणाची आठवण आहे ते बघा. गोऱ्या शिपायाची आहे. त्या मुलखातल्या माणसाची नाही.

शिपाई आणि बिअर यांचा संबंध मात्र खरा आहे आणि जुना आहे. तुम्ही इंडिया पेल एलची कथा ऐकली असेल. बोटीला आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागायचे, वाटेत बिअर नासायची, म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रुअरने जास्त हॉप्स घालून नवी बिअर शोधून काढली. कथा सुबक आहे, पण शोधाचा भाग पुराव्यात टिकत नाही. जास्त हॉप्सची टिकाऊ बिअर इंग्लंडात आधीपासून होती. हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ होता आणि तो बोटींच्या कप्तानांना उधारीवर माल द्यायचा, हे त्याच्या यशाचं साधं कारण. आणि ती फिकट बिअर मुख्यतः साहेबलोक प्यायचे. साध्या शिपायाला मिळायची ती काळी पोर्टर. वर्ग ग्लासातही असतो.

पुढे बिअर इथेच होऊ लागली. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने कसौलीला थंड डोंगरात कारखाना काढला. आज पाकिस्तानात असलेल्या मरीला १८६० मध्ये कारखाना निघाला, त्याच्याशीही डायरचा संबंध होता. त्याचा मुलगा रेजिनाल्ड १८६४ मध्ये मरीलाच जन्मला. हो, तोच, जालियनवाला बागेचा जनरल डायर. बापाच्या बिअरवर मुलाचा गुन्हा लादायचा नाही, पण साम्राज्य नावाची गोष्ट किती थोड्या घरांमधून फिरत होती ते कळतं. पुढे मीकिन नावाच्या ब्रुअरने कसौलीचा कारखाना घेतला आणि इतर छावण्यांजवळही कारखाने काढले. त्यातला एक आपल्या खडकीला होता. म्हणजे पुण्यात बिअर २००९ मध्ये आली असं कुणी म्हणालं, तर त्याला खडकीचा पत्ता द्या. या कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं लष्कर.

आता त्याच काळात, त्याच मुलखात, छावणीच्या कुंपणाबाहेर काय चाललं होतं ते बघू. नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, खाली उतरलं की ठाणे जिल्ह्याचा, आजच्या पालघरचा पट्टा. वारली, कोकणा, महादेव कोळी यांचा मुलूख. इथे चैत्राच्या आसपास पहाटे मोहाची फुलं गळतात. बायका-मुलं ती वेचतात, उन्हात वाळवतात. या फुलात साखर भरपूर. ती भाकरीबरोबर खातात, शिजवून खातात, ढोरांना घालतात, दुष्काळात त्यावर जगतात. आणि पाण्यात भिजत घालून, आंबवून, भांड्यावर भांडं ठेवून दारू गाळतात. देवाला धार, लग्नात धार, मयताला धार. बिअर ही नुसती आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली, हा फरक आहे आणि तो सांगितला पाहिजे. गाळलेल्यात मद्यार्क जास्त. पण दोन्हींच्या मुळाशी तेच किण्वन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात ‘किण्व’ हा शब्द येतो, तो याच कामाचा.

आणि कौटिल्याचं नाव निघालं म्हणून एक गैरसमज दूर करू. दारूवर राज्याने ताबा ठेवणं ही इंग्रजांची कल्पना नव्हे. अर्थशास्त्रात सुराध्यक्ष आहे, ठेके आहेत, दंड आहेत. पण तिथे एक फट ठेवलेली आहे. सणसमारंभाला कुटुंबाने घरी ठरावीक प्रकारची सुरा करायला मोकळीक आहे, यात्रा-उत्सवात चार दिवसांची सूट आहे. राज्य महसूल घेतं, पण घरातली चूल मोजून सोडतं.

ही फट बंद केली १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. आधी ठिकठिकाणी छोट्या भट्ट्या होत्या. आता दारू गाळायची ती ठरलेल्या मोठ्या कारखान्यांत आणि विकायची ती मक्तेदारांनी. उरणच्या मोहाच्या दारूचे मोठे कारखाने याच व्यवस्थेत भरभराटले. उद्देश काय? आरोग्य नव्हे, महसूल. दहा हजार चुलींवर कर बसवता येत नाही, एका कारखान्याच्या दारात बसवता येतो. तरी रानात भट्ट्या पेटतच राहिल्या. तेव्हा १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. दारू बाळगणं गुन्हा हे एक वेळ समजू शकतं. इथे फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधन आलं. ज्या झाडाखाली आजी बसायची, त्या झाडाचं फूल मुद्देमाल झालं. बव्हेरियाचं सूत्र आठवा. पदार्थ तोच, कृती तीच, हात बदलला.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्ही दारूचं गुणगान करताय. थांबा. गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती तितकीच आपली आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झालं. सरकार महसुलासाठी दुकानं वाढवतंय, हा त्या रोषाचा एक भाग होता.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतं ते १९२२-२३ चं देवी आंदोलन. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर पुस्तक लिहिलंय. पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमार वस्तीत देवीचा संचार होऊ लागला आणि ती लाट डोंगरातून दक्षिण गुजरातच्या आदिवासींपर्यंत गेली. अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून देवी सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूच्या दुकानदाराचं काम करू नका. का? कारण तोपर्यंत दारूवाला हाच सावकार आणि तोच जमीनदार झाला होता. ज्यांच्या घरातून मोहाची भट्टी काढून घेतली होती, तेच त्याच्याकडून विकत पीत होते आणि त्या उधारीत जमीन घालवत होते. म्हणून त्यांनी पिणंच सोडलं. बघा, एका काळात मोकळेपणाने दारू गाळणं हे स्वातंत्र्य होतं, दुसऱ्या काळात दारू नाकारणं हे स्वातंत्र्य झालं. दोन्हीत समान काय? निर्णय आपला असणं. पुढे आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मतपत्रिकेवरची आडवी बाटली निवडून दुकानं बंद पाडली, तेही याच ओळीतलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. तो बऱ्याच सुधारणांसह महाराष्ट्रात अजून लागू आहे. म्हणून आजही आपल्याकडे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, एक दिवसाचा किंवा आयुष्यभराचा. आणि त्या परवान्याची भाषा अशी की प्रकृती सांभाळण्यासाठी मद्य आवश्यक आहे. क्राफ्ट बिअर पिणारा तरुण कायद्याच्या दृष्टीने औषध घेत असतो! हसण्यासारखं आहे, पण यातला धडा गंभीर आहे. ज्याला परवाना परवडतो त्याच्यासाठी कायदा विनोद होतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी धाड होतो.

आता शीर्षकाकडे येतो. ‘क्राफ्ट’ म्हणजे काय? हाताने, थोड्या प्रमाणात, कारखान्याबाहेर, करणाऱ्याच्या कसबावर अवलंबून केलेलं. मंडळी, यासाठी मराठीत नेमका शब्द आधीपासून आहे. हातभट्टी. हात आणि भट्टी. अक्षरशः भाषांतर. पण एक शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर तांब्याची चकाकती भांडी येतात आणि दुसरा उच्चारला की पोलिसांची गाडी.

लगेच आक्षेप येईल की हातभट्टीने माणसं मरतात. मरतात, आणि ते विसरून चालणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली. पण ती कशाने गेली? मिथेनॉलने. ते कारखान्यात वापरायचं रसायन आहे. ते मोहाच्या फुलातून आलं नव्हतं, कॅनमधून आलं होतं. ज्याला शब्दाने हातभट्टी म्हणतो, त्यात ना हात उरला होता ना भट्टी. गरिबाचं कसब बेकायदेशीर केलं की गरिबाची तहान संपत नाही, तिथे फक्त कसब नसलेला माणूस येऊन बसतो. यावर उपाय सगळं मोकळं सोडणं आहे का? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिची मागणी लोकांमधूनच उठली होती. म्हणून मी सरसकट उत्तर देणार नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी भागात मादक पदार्थांबद्दल ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. विचारायचं ते हे की तो अधिकार खरोखर वापरता येतो का.

दुसरी वाट असू शकते, हे शेजारी दिसतं. ज्या २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक उपदर्शन मिळालं. म्हणजे फेणी हे नाव, तो वास, ती भाटी या मुलखाची, असं कायद्याने मान्य केलं. उपादान स्थानिक, निमित्त स्थानिक, नावही स्थानिक.

तर मग, त्या केळ्याच्या वासाच्या बिअरचं काय करायचं? ती वाईट आहे का? अजिबात नाही. उत्तम आहे. करणाऱ्यांचं कसब खरं आहे. आणि जर्मन यीस्ट पुण्याच्या पाण्यात नांदलं तर त्यात बिघडलं काय, आपला बटाटा आणि मिरचीसुद्धा पाहुणेच. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘स्थानिक’ हा शब्द नावावर संपू नये. ग्लास हातात घ्याल तेव्हा चव जरूर विचारा, पण धान्य कुठलं हेही विचारा. हक्क कुणाला मिळाला हे विचारा. आणि ज्याला मिळाला नाही त्याचं नाव कुठल्या बाटलीवर आहे, हेही. देवळालीच्या शिपायाचा ताप जगाला माहीत झाला. मोहाखालच्या बाईला झालेल्या तापाला अजून नाव मिळायचंय.

थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.